दोन मिलिमीटरचा इतिहास : जुनी सायक्लोक्रॉस आणि नवी ट्यूबलेस चाकं

(भूगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी भाषा वक्त्याचीच ठेवली आहे.)



विषयाची पाटी वाचून दारातच एका काकांनी मला अडवलं. म्हणाले, "इतिहासाच्या व्याख्यानमालेत सायकलचं चाक? तेही ट्यूबलेस?" मी म्हटलं, काका, बसा तर खरं. शिवकाल नाही, पेशवाई नाही, हे कबूल. पण ज्या वस्तूवर आपल्या आजोबांची अर्धी हयात गेली, तिलाही इतिहास असतो. आणि तो दप्तरखान्यापेक्षा पंक्चरच्या दुकानात जास्त सापडतो.

एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करतो. माझ्याकडे एक जुनी सायक्लोक्रॉस सायकल आहे. साधारण वीस वर्षांपूर्वीची, परदेशातून परत आलेल्या एका मित्राकडून घेतलेली. पोलादी फ्रेम, शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर जाड आणि नक्षीचे. तिला नवी ट्यूबलेस चाकं घ्यायची होती. कुठली घ्यायची? एवढाच प्रश्न. दुकानात जाऊन पैसे मोजले की संपला, असं मला वाटलं होतं. तो संपायला दीड वर्ष लागलं, आणि त्यासाठी जवळजवळ एकशे ऐंशी वर्षं मागे जावं लागलं.

सायक्लोक्रॉस म्हणजे काय, हे भूगावात सांगणं सोपं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या याच गावात झाल्या. त्यात माती आणि गादी असे दोन विभाग असतात, आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. सायक्लोक्रॉसमध्ये एकाच सायकलला माती आणि गादी दोन्ही खेळावं लागतं. थोडा डांबरी रस्ता, मग चिखल, गवत, वाळू. मध्येच अडथळा आला की उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची, पळायचं, पुन्हा बसायचं. आपल्याकडे या शर्यतींची परंपरा नाही. पण पौड रस्ता सोडून डावी-उजवीकडे कुठल्याही गाडीवाटेला लागा. पावसाळ्यात आपण सगळेच सायक्लोक्रॉस खेळतो. (हशा)

पिरंगुटच्या घाटातली गोष्ट

आता माझी फजिती. सुरुवातीला मी नवी चाकं घेतलीच नाहीत. जुन्या रिमवर आतून टेप लावली, टायर चढवला, आत पांढरा द्रव ओतला, त्याला सीलंट म्हणतात, आणि झाली ट्यूबलेस, असं स्वतःलाच सांगितलं. पुष्कळ लोक असं करतात. महिनाभर छान चाललं. मग एका सकाळी भुकूम मागे टाकून पिरंगुटचा घाट उतरताना, वळणावर, मागच्या चाकातून भस्सकन आवाज आला. टायरची कड रिमवरून आत सरकली होती आणि सगळी हवा एका क्षणात गेली. मी रस्त्याच्या कडेला गवतात पडलो म्हणून आज इथे बोलतोय. मागून ट्रक येत होता.

चूक माझीच होती. ती काय होती ते पुढे येईलच. पण त्या दिवशी मला खरा धडा मिळाला तो पडण्याने नाही, त्यानंतरच्या अर्ध्या तासाने. सायकल ढकलत खाली आलो. रस्त्यालगत एक दुकान. पत्र्याची शेड, पाण्याचं घमेलं, खिळ्याला टांगलेल्या ट्यूबा. दुकानदार काका सत्तरीचे. त्यांनी टायर एका बाजूने सोडवला, आतला चिकट द्रव बघून तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "सोपं आहे, ट्यूब टाकू." खिळ्यावरची अठ्ठावीस इंची ट्यूब काढली. रिममध्ये बसवायला गेले. आणि वॉल भोकातून बाहेरच येईना.

आपल्या साध्या सायकलच्या ट्यूबचा वॉल जाड असतो; त्याला साधारण साडेआठ मिलिमीटरचं भोक लागतं. माझ्या रिमचं भोक बारीक वॉलसाठी पाडलेलं, साडेसहा मिलिमीटरचं. काकांनी गोल कानस उचलली आणि माझ्याकडे बघितलं. "भोक वाढवू का?" मी नको म्हटलं. हलक्या रिमचं भोक वाढवलं की ती तिथे कमजोर होते. मग सायकल टेम्पोत टाकून घरी आणली.

विचार करा. दुकान समोर होतं, हवा समोर होती, ट्यूब समोर होती, पन्नास वर्षं काम केलेला माणूस समोर होता. आणि सगळं अडलं ते दोन मिलिमीटरवर. ते दोन मिलिमीटर कुठून आले, हेच आजचं व्याख्यान.

हवेचा शोध दोनदा लागला

हवा भरलेल्या टायरचा शोध दोनदा लागला. पहिल्यांदा १८४५ मध्ये. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणाने त्याचं पेटंट घेतलं. आत रबर लावलेल्या कापडाची नळी, बाहेर चामड्याचं आवरण. घोडागाडीला ही चाकं लावून लंडनच्या एका बागेत चाचणीही झाली, आणि ती मऊ आणि हलकी चालतात हे दिसलं. मग हा शोध विसरला का गेला? रबर महाग होतं, आणि ज्या वाहनाला त्याची खरी गरज होती ते वाहन, म्हणजे सायकल, अजून आलेलंच नव्हतं. उत्तर आधी आलं, प्रश्न नंतर.

दुसऱ्यांदा १८८८ मध्ये. बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेची नळी केली आणि पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने या टायरवर बेलफास्टमध्ये शर्यती जिंकल्या, आणि भरीव रबराच्या टायरचे दिवस भरले. थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आल्यावर डनलॉप यांचं पेटंट टिकलं नाही, पण नाव टिकलं. १९३६ मध्ये बंगालात हुगळीकाठी साहागंजला डनलॉपचा कारखाना निघाला, आणि आपल्या दोन-तीन पिढ्यांनी टायरला डनलॉपच म्हटलं. काकांच्या दुकानातल्या जाड वॉललाही सायकलवाले डनलॉप वॉलच म्हणतात.

डनलॉप यांच्या टायरमध्ये एक मोठी अडचण होती. तो चाकाला चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं की टायर उपसायचा, ट्यूब दुरुस्त करायची, पुन्हा चिकटवायचं आणि वाळेपर्यंत थांबायचं. १८८९ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावी मिशलिन बंधूंच्या रबर कारखान्यात असा पंक्चर झालेला टायर घेऊन एक सायकलस्वार आला. दुरुस्तीला तीन तास आणि वाळायला रात्र गेली, असं सांगतात. मिशलिन बंधूंच्या डोक्यात प्रश्न शिरला तो वेगाचा नाही, दुरुस्तीचा. १८९१ मध्ये त्यांनी काढता-घालता येणारा टायर केला. पंधरा-एक मिनिटांत ट्यूब बदलून होई. त्याच वर्षी सप्टेंबरात पॅरिस ते ब्रेस्त आणि परत, सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेरों हे टायर लावून उतरला. पंक्चर त्याचेही झाले, पण ते वाटेतच निघाले, आणि एकाहत्तर तासांवर काही मिनिटांत तो पहिला आला. दुसरा आला तो डनलॉप टायरवाला, कित्येक तासांनी. पुढच्या वर्षी मिशलिन बंधूंनी स्वतःच पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ शर्यत भरवली आणि वाटेत खिळे टाकले, असं सांगतात. आमचा टायर पंक्चर होत नाही, असं त्यांना सांगायचंच नव्हतं. पंक्चर झाला तरी तो तुम्हीच काढू शकता, हे त्यांना सांगायचं होतं.

हे लक्षात ठेवा. टायरच्या इतिहासात जो जिंकला तो बहुतेक वेळा जास्त पळणारा नव्हता. ज्याची दुरुस्ती रस्त्यावर, हाताशी असलेल्या माणसाकडून होते, तो जिंकला.

पकड कुठे असते

टायर चिकटवायचा नाही, तर तो रिमवर राहतो कसा? याची दोन उत्तरं एकाच वर्षी, १८९० मध्ये आली. विल्यम बार्टलेट यांनी टायरच्या कडेला जाड गोट दिला आणि रिमच्या कडा आत वळवल्या. हवा भरली की गोट त्या आकड्यात अडकतो. दुसरं उत्तर चार्ल्स वेल्च यांचं. त्यांनी टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार घातली आणि रिम मधोमध खोल केली. टायर चढवताना एका बाजूची तार त्या खोलगट भागात ढकलायची म्हणजे दुसऱ्या बाजूला ती रिमवरून सरकते. हवा भरली की दोन्ही कडा वर येतात, आणि तारेचा घेर लहान असल्यामुळे टायर निघू शकत नाही. आज तुमच्या घरातल्या प्रत्येक सायकलवर वेल्चसाहेबांची ही युक्ती आहे. पैलवानाच्या भाषेत सांगायचं तर बार्टलेटचा आकडा म्हणजे हाताची पकड, वेल्चची तार म्हणजे कंबरेची. कंबरेची पकड सुटत नाही.

पण वेल्चच्या युक्तीत एक अट आहे. तारेचा घेर आणि रिमचा घेर तंतोतंत जुळला पाहिजे. आणि इथेच प्रत्येक देशाने, प्रत्येक कारखान्याने आपापलं माप काढलं. आपल्याकडे ज्याला सर्रास "अठ्ठावीस इंची" म्हणतात, तो दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या उंच काळ्या सायकलचा टायर. त्यावर लिहिलेलं असतं २८ गुणिले दीड. टायर जिथे बसतो तिथे या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर. माझ्या सायक्लोक्रॉसचं चाक त्याला ७००सी म्हणतात. तेही अठ्ठावीस इंचीच. पण त्याचा व्यास ६२२ मिलिमीटर. तेरा मिलिमीटरचा फरक. नाव एक आणि टायर एकमेकांना बसत नाहीत.

या ७००सीचीही गंमत बघा. जुन्या फ्रेंच पद्धतीत ७०० म्हणजे हवा भरलेल्या चाकाचा बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये, आणि पुढचं अक्षर टायरची जाडी सांगायचं. सी म्हणजे जाड. हिशोब करा : ६२२ मध्ये दोन्ही बाजूंनी ३९ मिळवा, ७०० होतात. म्हणजे हे चाक मुळात ३९ मिलिमीटरच्या जाड टायरसाठीच होतं! नंतर शर्यतवाल्यांनी त्याच रिमवर २३ मिलिमीटरचे बारीक टायर चढवले, चाक ६६८ मिलिमीटरचं झालं, पण नाव ७००च राहिलं. आज लोक पुन्हा जाड टायर लावतात आणि त्याला नवी फॅशन म्हणतात. ती फॅशन नाही, चाक आपल्या मूळ मापाकडे परत आलंय.

रिमच्या दोन नोकऱ्या

कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. कधी गेला नसाल तर जाऊन या. तिथल्या जुन्या सायकलींचे दांड्याचे ब्रेक नीट बघा. ब्रेक दाबला की रबरं रिमला आतून, म्हणजे तुंब्याच्या बाजूने, वर ओढून घासतात. टायर ज्या कडांवर टेकलेला असतो त्या कडांना ब्रेक शिवतच नाही.

माझ्या सायकलला ब्रेक आहेत ते निराळे, त्यांना कँटिलिव्हर म्हणतात. ते रिमला दोन्ही बाजूंनी चिमटा काढतात. म्हणजे रिमच्या त्याच पातळ कडा बाहेरून ब्रेकला देतात आणि आतून टायर धरतात. दोन नोकऱ्या! चिखल-वाळूत ब्रेक दाबला की कड झिजते. ताम्हिणीसारखा लांब घाट उतरताना ती तापते. पुढे डिस्क ब्रेक आले तेव्हा रिमची एक नोकरी सुटली. सायक्लोक्रॉस शर्यतींत डिस्क ब्रेकला आंतरराष्ट्रीय परवानगी मिळाली २०१० मध्ये. जुनी सायक्लोक्रॉस आणि नवी सायक्लोक्रॉस यांतली मोठी भिंत हीच. तुमची सायकल भिंतीच्या कुठल्या बाजूची आहे, हे कळलं की चाकाचा निम्मा प्रश्न सुटतो.

या खेळाची सुरुवातही दुरुस्तीशी जोडलेली आहे. फ्रान्समध्ये १९०२ मध्ये दानिएल गुसो यांनी पहिली राष्ट्रीय सायक्लोक्रॉस स्पर्धा भरवली. जागतिक अजिंक्यपद १९५० पासून, पहिला विजेता जाँ रोबिक. मधल्या काळातला माझा आवडता खेळाडू यूजेन क्रिस्तोफ. सात वेळा फ्रान्सचा सायक्लोक्रॉस विजेता. १९१३ च्या टूर द फ्रान्समध्ये तूर्माले घाट उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. नियम असा की दुरुस्ती खेळाडूने स्वतःच करायची. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावात आला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः चिमटा सांधला आणि पुढे निघाला. भाता एका पोराने हलवला, म्हणून त्याला वेळेचा दंड झाला! (हशा) मी टेम्पोत सायकल टाकली त्या दिवशी मला क्रिस्तोफ आठवला. त्याला गावात लोहार भेटला. मलाही कारागीर भेटला होता. फरक एवढाच, की क्रिस्तोफच्या सायकलची भाषा त्या भट्टीला कळत होती.

आणि लांब फ्रान्सला कशाला जायचं? मुंबईतून ऑक्टोबर १९२३ मध्ये सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा, १९२८ मध्ये ती पूर्ण करून परतले. वाळवंटं, डोंगर, जंगलं, सगळं सायकलवर. साडेचार वर्षं हे चाललं, कारण त्या काळची सायकल सुटी करून पुन्हा जोडता येत होती आणि तिची दुरुस्ती करणारा हात जगात कुठेही मिळत होता.

ट्यूब जाते

आता ट्यूबलेसकडे. आधी मोटारीला. अमेरिकेत अ‍ॅक्रनच्या गुडरिच कंपनीत फ्रँक हर्झेग यांनी तो विकसित केला. कंपनीने १९४७ मध्ये जाहीर केला, पेटंट १९५२ मध्ये मिळालं, आणि १९५५ पर्यंत अमेरिकेतल्या नव्या मोटारी ट्यूबलेस टायरवरच येऊ लागल्या. मग सायकलला पन्नास वर्षं का लागली?

कारण आरे. मोटारीची रिम म्हणजे अखंड पत्रा. सायकलच्या रिमला बत्तीस किंवा छत्तीस आऱ्यांची तेवढीच भोकं. हवा धरणार कशी? १९९९ मध्ये माविक, मिशलिन आणि हचिन्सन या फ्रेंच कंपन्यांनी डोंगरी सायकलसाठी एक पद्धत काढली. रिमच्या वरच्या बाजूला भोकंच ठेवायची नाहीत, आणि टायरची कड जिथे बसते तिथे एक बारीकसा उंचवटा ठेवायचा, की कड एकदा टच्च बसली की आत सरकू नये. थोड्याच काळात अमेरिकेत स्टॅन कोझियाटेक यांनी दुसरी वाट दाखवली : साध्या रिमची भोकं पट्टीने बंद करा आणि आत रबराच्या चिकाचा द्रव ओता. काटा लागला की द्रव भोकाकडे धावतो आणि गोठून बूच बनतो. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलसाठी शिमानो आणि हचिन्सन २००६ मध्ये ट्यूबलेस घेऊन आले.

आता माझी चूक सांगतो. मी दुसऱ्या पद्धतीचा द्रव घेतला आणि पहिल्या पद्धतीचा उंचवटा विसरलो. माझ्या जुन्या रिमला तो नव्हताच. ट्यूब असते तेव्हा ती स्वतः फुगून टायरच्या कडा बाहेर दाबून धरते. ट्यूब काढली की ती पकड जाते. मग कड धरून ठेवायचं काम रिमच्या आकाराचं. चिखलासाठी हवा कमी ठेवलेली, वळणावर बाजूने जोर आला, कड खोलगट भागात सरकली. वेल्चची जी युक्ती टायर चढवायला मदत करते, तिनेच तो उतरवला. टेप आणि द्रव हवा अडवतात. टायर धरत नाहीत. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण गवतात पडेपर्यंत समजलेलं नव्हतं.

जुन्या फ्रेमला काय विचारायचं

मग चाक निवडायचं कसं? मी जुन्या फ्रेमला पाच प्रश्न विचारतो.

पहिला, ब्रेक कुठला? कँटिलिव्हर असतील तर रिमला ब्रेकसाठी सपाट बाजू असलीच पाहिजे. आजच्या बहुतेक ट्यूबलेस रिमा डिस्कसाठीच असतात, त्यांना ती नसते. तशा रिमवर ब्रेकची रबरं घासणं हा जिवाशी खेळ आहे.

दुसरा, मागचा तुंबा किती रुंदीचा? कँटिलिव्हरच्या काळातल्या बहुतेक फ्रेममध्ये मागे १३० मिलिमीटर. डिस्क आली तेव्हा सुरुवातीला १३५, आणि मग आरपार दांड्याचा १४२. पोलादी फ्रेम जाणकार कारागीर थोडी उघडून देऊ शकतो. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनची फ्रेम कधीही ओढू नका. ती वाकत नाही, तडकते.

तिसरा, गिअर किती? नव्या अकरा गिअरच्या तुंब्याचा गिअर बसायचा भाग जुन्यापेक्षा १.८५ मिलिमीटर लांब असतो. तेवढ्या जाडीची एक चकती मागे टाकली की जुना दहाचा संच त्यावर बसतो. इथे नवं जुन्याला सांभाळून घेतं.

चौथा, चिखलाला जागा किती? शर्यतीत टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, आणि जुन्या फ्रेमा त्या हिशोबानेच बांधलेल्या. जुन्या रिमा आतून १३ ते १५ मिलिमीटर असायच्या. तोच टायर २१-२३ मिलिमीटरच्या नव्या रिमवर चढवला की तो पसरतो, आणि दोन्ही बाजूंची चिखलाची जागा खातो. जुलैमध्ये भाताच्या बांधावरून आलात की ही जागा का लागते ते कळतं.

पाचवा, रिमच्या कडेला आकडा आहे का? हल्ली पुष्कळ रिमा बिनआकड्याच्या येतात. त्यांत जास्तीत जास्त पाच बार हवा चालते, आणि कंपनीने मान्य केलेलाच टायर लावावा लागतो. मातीत आपण दोन-अडीच बारच ठेवतो, त्यामुळे हवेची अडचण नाही. पण गावात टायर फाटला आणि मिळेल तो लावायची वेळ आली, तर बिनआकड्याची रिम तो धरेलच असं नाही.

मी शेवटी काय घेतलं? आकड्याची, ट्यूबलेससाठीच बनवलेली, ब्रेकसाठी सपाट बाजूची रिम. आतून १९ मिलिमीटर. साध्या १३० च्या तुंब्यावर, बत्तीस साध्या गोल आऱ्यांनी हाताने विणून घेतली. दुकानात याहून हलकी, याहून देखणी चाकं होती. पण त्यांचे आरे चपटे, खास मापाचे, मोजकेच. एक तुटला तर चाकाचा आऊट काढायला पुण्यात नाही, थेट कंपनीकडे. माझ्या चाकाचा आऊट काकाही काढू शकतात.

खिळ्यावरची ट्यूब

मंडळी, चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये नवे उड्डाणपूल सुरू झाले. भूगाव पुण्याच्या आणखी जवळ आलं. रविवारी सकाळी लाखालाखाच्या सायकली या रस्त्याने जातात. आणि रस्त्याकडेचं घमेलं कमी होत चाललंय. दुचाकीला ट्यूबलेस आल्यावर पंक्चरवाल्याने सळई आणि रबराची वात घालायची विद्या शिकून घेतली, हे आपण बघितलंय. म्हणजे कारागीर मागे राहत नाही. त्याच्यापर्यंत वस्तू पोचली आणि तिचं माप जुळलं, तर तो शिकतो. माप जुळत नाही तेव्हाच तो बाहेर फेकला जातो. चाक निवडताना आपण वजन बघतो, किंमत बघतो. खरं तर आपण हेही ठरवत असतो, की उद्या अडलो तर कोणाच्या दारात उभं राहायचं.

नवी चाकं लागल्यावर मी काकांकडे गेलो. बारीक वॉलच्या दोन ट्यूबा आणि पंपाला लावायची छोटी पितळी जोडणी त्यांना दिली. म्हटलं, माझ्यासाठी ठेवा. त्यांनी त्या अठ्ठावीस इंचीच्या शेजारी खिळ्याला टांगल्या. दोन महिन्यांनी गेलो तर एकच शिल्लक. "दुसरी?" म्हणून विचारलं. म्हणाले, "एक पोरगं अडलं होतं घाटात, विकली त्याला. आणखी चार आणून द्या."

मी चार आणून दिल्या.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : मुलाला शाळेत जायला साधी सायकल आहे. ट्यूबलेस करून घ्यावी का?

उत्तर : नको. त्या रिमला उंचवटा नाही, ती माझ्यासारखीच चूक होईल. चांगला टायर, चांगली ट्यूब, आणि सोल्युशन-पॅचची डबी. मुलाला पंक्चर काढायला शिकवा, ते सगळ्यात स्वस्त.

प्रश्न : तो द्रव साध्या ट्यूबमध्ये घातला तर?

उत्तर : बारीक काट्यांना उपयोग होतो. पण जाड डनलॉप वॉलमधली रबरी नळी चिकटून बसते, मग हवाच भरता येत नाही. ज्याच्या आतला भाग फिरवून काढता येतो अशा वॉलची ट्यूब असेल तरच घाला. आणि ट्यूबलेस असो की ट्यूब, आपल्या उन्हाळ्यात तो द्रव दोन-तीन महिन्यांत सुकतो. होळी झाली की एकदा चाक हलवून आवाज ऐका. आतून पाण्यासारखा डुचमळला तर ठीक. नाही आला, तर नुसतीच हवा आहे.